पिस्टन दर फेऱ्यात दोनदा थांबतो, मग इंजिन का थांबत नाही?

विहीरकाठ

मंडळी, मळ्यातल्या विहिरीवर आमचं एका सिलिंडरचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आहे. वडिलांनी घेतलेलं. वीज असली की मोटर चालते, पण भारनियमनाच्या पाळीत उसाला पाणी देतं ते हेच. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची, म्हणजे दट्ट्याची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल) ११० मिमी, मिनिटाला १५०० फेरे.

परवा हेड गॅस्केट गेलं म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उतरवलं. मी हाताने चाक फिरवत होतो आणि नववीतली लेक शेजारी बसून आत बघत होती. ती म्हणाली, "बाबा, दट्ट्या वर गेला की थांबतो, मग खाली येतो. खाली गेला की परत थांबतो." मी म्हटलं, हो. तिने तिथंच हिशेब मांडला. फेऱ्यात दोनदा, मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे मिनिटाला ३००० वेळा. सेकंदाला ५० वेळा. "सेकंदाला पन्नासदा थांबणारी वस्तू पाणी कशी काय उपसते? आणि दर वेळी थांबवून परत पळवायचं म्हणजे डिझेल फुकट जात नाही का?"

मला धड उत्तर देता आलं नाही. गॅस्केट यायला आठवडा आहे, तोवर हेड खालीच आहे. म्हणजे तुम्ही जे सांगाल ते प्रत्यक्ष बघता येईल.

दुसरं म्हणजे गेल्या वर्षापासून इंजिन जास्त हादरतंय. फाउंडेशनला एका कोपऱ्यात चीर गेली आहे. याचा आणि त्या थांबण्याचा काही संबंध आहे का?

सुईदोरा

तुमच्या लेकीचा प्रश्न मी रोज पायाने अनुभवते. तीस वर्षं पायमशीनवर शिवणकाम करतेय. पायडल वर-खाली होतं आणि चाक गोल फिरतं, म्हणजे तुमच्या इंजिनासारखंच, फक्त पिस्टनच्या जागी माझे पाय.

नवीन मुली शिकायला आल्या की सगळ्या एकाच ठिकाणी अडतात. पायडल पार वर किंवा पार खाली असताना मशीन थांबलेलं असेल, तर कितीही जोर लावा, चाक हलत नाही. आणि हललंच तर कुठल्या बाजूला जाईल याचा नेम नसतो. उलटं फिरलं की दोरा गुंततो नाहीतर तुटतो. म्हणून पहिला धडा शिवणाचा नसतोच. उजव्या हाताने वरचं चाक आपल्याकडे ओढायचं आणि मग पाय लावायचा.

पण एकदा मशीन चालू लागलं की ती जागा कधी आली नि कधी गेली ते पायाला कळतसुद्धा नाही, कारण खालचं जड चाक पायडलला त्या टोकापलीकडे ओढून नेतं. त्या क्षणी पाय काहीच करत नसतात, सगळं काम चाकाचं. लेकीला एकदा पायमशीनवर बसवा. वाचून कळायचं नाही ते दोन मिनिटांत पायाला कळेल.

जुना_फिटर

सुईदोरा ताईंनी बरोबर सांगितलं. त्या जागेला आम्ही डेड सेंटर म्हणतो, वरचा तो टॉप आणि खालचा बॉटम. तिथे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड आणि चाकाच्या शाफ्टवरचा वाकडा हात, म्हणजे क्रँक, एका रेषेत येतात. मग वरून कितीही दाबा, सगळा दाब मेन बेअरिंगवर जातो, फिरवणारं बळ शून्य.

पाटील (विहीरकाठ, तुम्हाला असंच म्हणतो, राग नसावा), हेड उतरवलेलंच आहे तर एक करा. पिस्टन खाली न्या, लायनर (सिलिंडरची आतली नळी) कापडाने पुसा आणि आतून बोटाचं नख खालून वर, काठाकडे फिरवत न्या. काठाच्या थोडं खाली नख एका पायरीला अडकेल. ती पायरी म्हणजे पिस्टन तिथे थांबतो याची सही आहे.

का ते सांगतो. पिस्टन पळत असतो तेव्हा पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकून राहतो. तो थर वेगावर जगतो. वरच्या टोकाला वेग शून्य होतो, तेल तिथे पोचतंही कमी, उष्णता सगळ्यात जास्त, आणि नेमका त्याच वेळी जळणाचा दाब रिंगेला मागून लायनरवर रेटतो. मग धातू धातूला घासतो. म्हणून लायनर सगळ्यात जास्त झिजतो तो पहिली रिंग वर जाऊन वळते त्या जागी. त्याच्या वर रिंग जात नाही, ती जागा मूळ मापाची राहते. मधली ती पायरी.

झीज गोलही नसते. रॉड तिरपा असतो, त्यामुळे पिस्टन एका बाजूला रेटला जातो. चाकाच्या शाफ्टला आडव्या दिशेत माप घ्या आणि शाफ्टच्या दिशेत घ्या. फरक दिसेल. बोअर अंडाकृती झालेली असेल.

हादऱ्याचं नंतर लिहितो, त्याला वेळ लागेल.

चक्रगती

लेकीचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. मागे-पुढे चालणारं यंत्र ही मुळातच उधळपट्टी आहे. जड वस्तू पळवायची, थांबवायची, उलटी पळवायची. टर्बाइन बघा, मोटर बघा, सगळं गोल फिरतं. पिस्टन ही जुन्या काळाची सवय आहे आणि आपण ती सोडत नाही.

मापपट्टी

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवतो. चक्रगती, तुमचं म्हणणं ऐकायला सरळ वाटतं, पण ऊर्जेचा हिशेब तसा लागत नाही. आकडे घेऊनच बोलू.

आमच्या प्रयोगशाळेत किर्लोस्करचं टीव्ही-१ इंजिन आहे. देशातल्या कितीतरी कॉलेजांत तेच असतं. बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, कनेक्टिंग रॉड २३४ मिमी, १५०० फेरे. विहीरकाठ यांच्या इंजिनाचा स्ट्रोक आणि फेरे हेच, म्हणून हिशेब जवळपास लागू पडेल.

पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेपाच मीटर. मधोमध तो जवळजवळ नऊ मीटरपर्यंत जातो आणि टोकांना शून्य होतो. मागे-पुढे जाणारं वजन सोयीसाठी एक किलो धरा. पूर्ण वेगात असताना त्याच्यातली ऊर्जा साधारण ४० ज्यूल. आता चाक घ्या. ४० किलो वजन केंद्रापासून २० सेंटिमीटरवर आहे असं धरलं, तर १५०० फेऱ्यांना त्यात सुमारे २०,००० ज्यूल साठलेले असतात. पाचशेपट.

पिस्टन टोकाकडे जाताना मंदावतो, तेव्हा त्याचे ४० ज्यूल कुठे जातात? कुणी ब्रेक लावलेला नाही, काही तापत नाही. तो रॉडमार्फत क्रँकलाच ढकलत मंदावतो, म्हणजे ऊर्जा चाकात जाते. टोक ओलांडलं की चाक तीच ऊर्जा त्याला परत देतं. देणं-घेणं सारखं चालू. हवा दाबतानाही तसंच, दाबायला दिलेली शक्ती बरीचशी स्प्रिंगसारखी परत येते. डिझेल फुकट जातं ते घासण्यात, आणि फिटरकाकांनी सांगितलेल्या रिंगा-लायनरचा त्यात मोठा वाटा असतो. थांबण्याची स्वतःची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागत नाही.

ती किंमत मोजावी लागते ताणात. वरच्या टोकाला पिस्टनचा वेग शून्य असतो, पण त्याचं त्वरण तिथेच सर्वांत जास्त असतं. वर दिलेल्या मापांना ते गुरुत्वाच्या सुमारे १७१ पट येतं. एक किलोची वस्तू तिथे १७१ किलोसारखी ओढते. सेकंदाला २५ वेळा.

"थांबला" हा शब्द म्हणूनच जपून वापरावा लागतो. वर फेकलेला चेंडू माथ्यावर थांबतो तसा पिस्टन थांबतो. वेळ मोजायला गेलात तर शून्य.

चक्रगती

हिशेब पटला. चाकाला ऊर्जा परत मिळते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मग १७१ किलोची ओढ इंजिनाला हादरवते ना? तेही नुकसानच.

जुना_फिटर

हादरवते, आणि त्यावरच लिहायला बसलोय.

एका सिलिंडरच्या इंजिनाला क्रँकवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन दिलेलं असतं. लोकांना वाटतं की वजन नीट बसवलं की हादरा संपला. संपत नाही. पिस्टन सरळ रेषेत जातो आणि वजन गोल फिरतं. वजन खाली असताना पिस्टन वर, तेव्हा ते एकमेकांची ओढ मारतात. पण पाव फेरा पुढे गेलं की वजन आडवं येतं, आणि त्या वेळी त्याला मारायला समोर कुणीच नसतं. पूर्ण वजन दिलं तर उभा हादरा जाऊन तेवढाच आडवा हादरा येईल. म्हणून निम्म्याच्या आसपास देऊन उभ्याचा काही भाग आडवा करून घेतात. उरलेला हादरा खाली फाउंडेशनने पचवायचा.

पाटील, तुमच्या फाउंडेशनला चीर गेलीय म्हणजे ठोकळा एकसंध राहिला नाही, इंजिन निम्म्या ठोकळ्यावर उभं आहे. वरून सिमेंट लिंपू नका. बोल्टांभोवती बघा, तेल मुरलेलं असणार. तेल प्यायलेलं काँक्रीट नव्या काँक्रीटला धरत नाही. ते फोडून काढायचं, बोल्ट नव्याने पुरायचे, ठोकळा खोल आणि जड करायचा, आणि पुरेसं पाणी मारून पक्का होऊ दिल्याशिवाय इंजिन चढवायचं नाही. घाई केली की दोन महिन्यांत परत तीच चीर.

धोटा

इचलकरंजीहून लिहितोय. आमचे साधे माग आहेत, धोट्याचे (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन पळणारा लाकडी तुकडा). मापपट्टी सर, तुम्ही वरच्या टोकाला १७१ पट म्हणालात. खालच्या टोकाला किती? विचारण्याचं कारण आहे. आमच्या मागावर दोन टोकं सारखी नसतात, आणि ती सारखी असती तर कापड विणताच आलं नसतं.

ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. फणी ज्या आडव्या चौकटीत बसते तिला आम्ही स्ले म्हणतो. मागच्या बाजूला क्रँकशाफ्ट असतो, त्यातून दोन दांडे येऊन स्लेला जोडलेले. शाफ्ट फिरला की स्ले मागे-पुढे डुलते. पुढे आली की फणी नव्या बाण्याच्या (आडव्या) धाग्याला ठोकून कापडाला बसवते. मागे गेली की ताणा (उभे धागे) उघडतो आणि त्या फटीतून धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो. धोट्याला हा रस्ता मोकळा मिळाला पाहिजे. मिनिटाला दीडशे फेरे धरले तर एका फेऱ्याला ०.४ सेकंद, त्यातला साधारण तिसरा हिस्सा धोट्याचा.

स्ले मागच्या टोकाला रेंगाळते आणि पुढच्या टोकाला झटकन येऊन ठोकून निघते. आमचा जुना जॉबर (माग दुरुस्त करणारा) सांगायचा, दांडा आखूड तेवढी स्ले मागे जास्त वेळ थांबणार. म्हणून रुंद मागाला, जिथे धोट्याला लांब जायचं असतं, क्रँकच्या मानाने दांडा आखूड ठेवतात. त्याने हे कुठे वाचलेलं नव्हतं. हात लावून कळलेलं होतं.

म्हणजे आमच्याकडे स्ले "थांबते" म्हणूनच काम होतं.

मापपट्टी

धोटा, इतकी वर्षं हा विषय शिकवतोय आणि मागाचं उदाहरण मी एकदाही वर्गात दिलं नाही, याचं आता वाईट वाटतंय. पुढच्या वर्षी पहिल्या तासाला देणार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: खालच्या टोकाला सुमारे १०६ पट. वर १७१, खाली १०६. कारण तुमच्या जॉबरने सांगितलं तेच, दांड्याची लांबी. रॉड अनंत लांब असता तर दोन्ही टोकं अगदी सारखी झाली असती. रॉड आखूड असल्यामुळे क्रँक फिरताना तो तिरपा होतो, आणि तिरपा झाला की त्याची उभी लांबी कमी भरते. ती कमतरता पिस्टनला नेहमी एकाच बाजूला, क्रँककडे, ओढते.

मला सगळ्यांत आवडणारा परिणाम असा. क्रँक वरून बरोबर पाव फेरा, ९० अंश, फिरला की पिस्टन कुठे असेल? सगळी मुलं सांगतात, मधोमध, ५५ मिमी खाली. प्रत्यक्षात तो ६१.६ मिमी खाली गेलेला असतो. मध्य त्याने ८३ अंशांच्या जरा पुढे असतानाच ओलांडलेला असतो. म्हणजे पूर्ण फेऱ्यापैकी वरच्या अर्ध्यात तो सुमारे १६६ अंश असतो आणि खालच्या अर्ध्यात १९४. वरचा अर्धा घाईत, खालचा सावकाश.

मागाशी ताडून बघा. क्रँकशाफ्टच्या जवळचं टोक म्हणजे इंजिनाचा बॉटम आणि मागावर स्लेचं मागचं टोक. दोन्हीकडे रेंगाळणं तिथेच. लांबचं टोक म्हणजे इंजिनाचा टॉप आणि मागावर कापडाला ठोकण्याची जागा. दोन्हीकडे झटका तिथेच. एकच भूमिती आहे. विणकराला ती धोट्यासाठी वाट मोकळी ठेवून देते, आणि इंजिनवाल्याला हादरा देते.

चार सिलिंडरच्या इंजिनात तर ती उघडी पडते. दोन पिस्टन वर, दोन खाली, म्हणजे ओढ समसमान होऊन हादरा शून्य व्हायला हवा. पण वरचे दोन १७१ ने ओढतात आणि खालचे दोन १०६ ने. फरक उरतोच, आणि तो एका फेऱ्यात दोनदा येतो. तो मारायला दुप्पट वेगाने फिरणारे दोन शाफ्ट बसवायची युक्ती लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काढली. आजही अनेक गाड्यांत ती आहे.

आयटीआय_मशिनिस्ट

शेपर मशीनवर आम्ही हे मुद्दाम करतो. हत्यार पुढे जाताना धातू कापतं, मागे येताना नुसतंच येतं. मग परतीत वेळ कशाला घालवायचा? आतल्या खाचेच्या लिव्हरमुळे पुढची चाल सावकाश आणि परतीची झटपट होते. प्रमाण ३:२ असेल तर चाकाचे २१६ अंश कापण्यात आणि १४४ अंश परतीत. चाक मात्र एकाच वेगाने फिरत असतं.

रुळाकाठी

सुईदोरा ताईंनी पायडल अडकण्याचं लिहिलंय त्यावरून. वाफेचं रेल्वे इंजिन नेमकं डेड सेंटरवर उभं राहिलं तर काय होत असेल, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर, शकुंतला नावाच्या छोट्या गाडीला, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, त्यामुळे ते जवळून बघायला मिळालं. एवढ्या धुडाचं चाक हाताने कोण ओढणार?

उत्तर दोन्ही बाजूंना जाऊन बघितल्यावर मिळालं. डाव्या आणि उजव्या सिलिंडरचे क्रँक एकमेकांपासून पाव फेरा हटवून बसवलेले असतात. एक बाजू टोकाला अडकलेली असेल तेव्हा दुसरी मधल्या भागात, भरपूर जोर देण्याच्या जागी असते. शिवाय वाफ पिस्टनला दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणजे दोन सिलिंडर मिळून एका फेऱ्यात चार धक्के. गाडी सुटताना तो चार ठोक्यांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको.

चाकांवर चंद्रकोरीसारखा जाड भाग दिसतो ते फिटरकाकांचं उलटं वजन. ते जास्त दिलं तर चाक दर फेऱ्याला रुळावर हातोड्यासारखं आपटतं, म्हणून तिथेही पूर्ण हिशेब चुकता करत नसत.

खारावारा

मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये होतो. लेकीला एक तुलना सांगा. मोठ्या कंटेनर जहाजांवरच्या सुल्झर आरटीए-९६ जातीच्या इंजिनात बोअर ९६ सेंटिमीटर, स्ट्रोक अडीच मीटर. उभा माणूस सिलिंडरमध्ये मावतो, मावतो काय, आत उतरूनच तपासणी करतात. फेरे मिनिटाला १०२. पिस्टनचा सरासरी वेग काढा: सेकंदाला साडेआठ मीटर. तुमच्या विहिरीवरच्या इंजिनाचा साडेपाच. घरोघरी असलेली ९७ सीसीची स्प्लेंडर घ्या, स्ट्रोक जेमतेम ४९.५ मिमी, ८००० फेऱ्यांना १३.२ मीटर. आकारात जमीन-अस्मानाचा फरक, पण पिस्टनचा वेग अडीचपटीच्या आत. यंत्र लहान असो की मोठं, मागे-पुढे चालीला धातू आणि तेल एवढंच सोसतात.

त्वरणाची गोष्ट वेगळी. मोटारसायकलच्या त्या पिस्टनचं त्वरण, रॉडच्या तिरपेपणाचा हिशेब न धरतासुद्धा, गुरुत्वाच्या १,७०० पटीहून जास्त भरतं. म्हणून तो पिस्टन तळहातात घेतला की इतका हलका लागतो.

फिटरकाकांनी बाजूच्या झिजेचं लिहिलंय. जहाजावर ते वेगळ्या पद्धतीने सोडवतात. पिस्टनचा दांडा सरळच वर-खाली होतो, खाली क्रॉसहेड नावाचा ठोकळा उभ्या पट्ट्यांमध्ये सरकतो आणि तिरपा कनेक्टिंग रॉड त्याच्या खाली असतो. बाजूचा सगळा रेटा क्रॉसहेड खातं. लायनरला तो कळतही नाही.

पाणवठा

मी पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात होतो. इंजिन नाही, पण मागे-पुढे चाल आहे आणि ती आपल्या महाराष्ट्रातली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या दुष्काळांत गावोगाव बोअर मारले गेले. त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेल्या परदेशी पंपांच्या नकला होत्या. इकडे अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा मारणार. दांडा एका खिळीभोवती कमानीत फिरतो आणि आतला रॉड सरळ वर जायला हवा. कमान आणि सरळ रेष यांचं जमत नाही. रॉड दर वेळी बाजूला ओढला जायचा, खिळी झिजायची, भोक लांबट व्हायचं, पंप बंद.

यावर जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कारखान्यांत लोखंडी पत्र्याचे, पाइपांचे मजबूत पंप तयार झाले. सोलापूर पंपाची युक्ती मला अजून तोंडात बोट घालायला लावते. दांड्याच्या आतल्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखी कमान द्यायची आणि रॉड तिच्याशी चेनने जोडायचा. दांडा खाली दाबला की चेन कमानीवरून ओढली जाते. कमान कितीही फिरो, चेन लोंबते ती नेहमी एकाच उभ्या रेषेत. रॉड सरळ वर. बाजूला ओढ नाहीच. दांड्याला बेअरिंग बंद घरातलं. पुढे यातूनच इंडिया मार्क-२ झाला आणि तो देशभर, नंतर परदेशांतही गेला.

मापं सांगतो: स्ट्रोक १२५ मिमी, आतल्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिमी. एका दांड्याला सुमारे ४०० मिलिलिटर पाणी. कळशी भरायला किती दांडे, ते गावातल्या बायकांना तोंडपाठ असायचं.

पण चेन फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. खाली येताना रॉड स्वतःच्या वजनाने येतो. बोअर उथळ असेल तर रॉड कमी, वजन कमी, आणि दांडा भरभर मारला की चेन ढिली पडते. अशा तक्रारीवर मी गेलो की आधी रॉड मोजायचो.

मापपट्टी

पाणवठा दादा, ही चेन आणि कमान १७१२ मध्ये इंग्लंडात न्यूकोमेनने खाणीतलं पाणी उपसायला बांधलेल्या वाफेच्या इंजिनावर होती. प्रचंड लाकडी तुळई, तिच्या दोन्ही टोकांना कमानी, आणि चेनने एकीकडे पिस्टन, दुसरीकडे पंपाचा रॉड टांगलेला. तिथेही पिस्टन फक्त ओढायचा, म्हणून चेन पुरत होती.

सत्तर वर्षांनी जेम्स वॉटने पिस्टनला दोन्ही बाजूंनी वाफ दिली. आता पिस्टन ढकलणारही होता आणि चेन ढकलू शकत नाही. ताठ दांडा हवा, पण तुळईचं टोक तर कमानीत फिरणार. तुमच्या बिडाच्या पंपाची अडचण त्याच्यापुढे उभी राहिली. १७८४ मध्ये त्याने काही पट्ट्या आणि खिळ्या अशा जोडल्या की त्यातला एक बिंदू जवळजवळ सरळ रेषेत चालतो. म्हातारपणी, १८०८ साली, त्याने मुलाला लिहून कळवलं की स्वतःच्या इतर कुठल्याही यांत्रिक शोधापेक्षा मला याचा अभिमान वाटतो. वाफेच्या इंजिनामुळे ज्याचं नाव जगाला ठाऊक, त्याला सरळ रेषेचा अभिमान! मला हे अगदी समजतं.

आणि क्रँक? तो वापरायला त्याला मोकळीक नव्हती, कारण १७८० मध्ये पिकार्ड नावाच्या माणसाने वाफेच्या इंजिनावर क्रँक लावण्याचं पेटंट घेतलं होतं. म्हणून वॉटने एका दातेरी चाकाभोवती दुसरं फिरवायची पद्धत काढली. दोन्ही चाकं सारखी असतील तर पिस्टनच्या एका जा-येमध्ये शाफ्टचे दोन फेरे व्हायचे.

चक्रगती

धागा वाचनखूण म्हणून ठेवला. पिस्टन ही नुसती जुनी सवय आहे, हे माझं वाक्य मागे घेतो.

जुना_फिटर

पाटील, हेड चढवायच्या आधी लेकीला घेऊन सरांचं ८३ अंशांचं गणित बघून टाका. एक सांगतो, टॉप डोळ्याने शोधू नका. टॉपजवळ चाक बोटभर फिरलं तरी पिस्टन हललेला दिसत नाही, तिथेच माणूस चुकतो. पिस्टन टॉपच्या अलीकडे १० मिमी खाली असताना चाकावर खूण करा, मग टॉप ओलांडून पलीकडे १० मिमी खाली असताना दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टॉप. टायमिंग लावताना आम्ही असंच करतो.

विहीरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी केलं.

आधी नख फिरवलं. पायरी आहे, चांगली हाताला लागण्यासारखी. लेकीनेही नख लावून बघितलं. आडवं आणि उभं माप गावातल्या मेकॅनिकने घेतलं, फरक आहे. लायनर बदलावा लागणार.

मग टॉप काढला, फिटरकाकांच्या पद्धतीने. खरंच, डोळ्याने जो टॉप वाटत होता तो दीड-दोन सेंटिमीटर चुकत होता. चाकाचा परीघ शिवणाच्या टेपने मोजला, १६० सेंटिमीटर. म्हणजे पाव फेरा ४० सेंटिमीटर. लेकीने खडूने दर सेंटिमीटरला खूण केली, मी चाक फिरवायचं आणि तिने व्हर्नियरने पिस्टनची खोली मोजायची. ४० वर पिस्टन ६१ मिमीच्या थोडा पुढे. ५५ मिमी कुठे आला? ३७ सेंटिमीटरच्या खुणेवर. ८३ अंशांचे सेंटिमीटर तिने आधीच वहीत काढून ठेवले होते, ३६.९. तिने वही माझ्यापुढे धरली आणि काही बोलली नाही, पण चेहरा बघण्यासारखा होता.

संध्याकाळी आईच्या पायमशीनवर तिला बसवलं. पायडल वर ठेवून सुरुवात केली. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला.

फाउंडेशन उद्या फोडायला घेतोय. फिटरकाका, ठोकळा किती खोल नेऊ? खाली दोन फुटांवर मुरूम लागतो.

जुना_फिटर

मुरमापर्यंत न्या आणि त्याच्यावर टेकवा. नवे बोल्ट पुरताना इंजिनाच्या पायांच्या मापाची लाकडी फळी करा, तिला भोकं पाडून बोल्ट त्यातूनच उभे धरा, नाहीतर काँक्रीट ओतताना ते कलतात. लायनर आला की रिंगांच्या फटींचं माप घेऊन इथे टाका, मग बसवा.